बाबांचं लग्न, आईचं लग्न

फर्नली गावच्या हॉलपाशी ब्रायडी पोचली, तेव्हा आत एक उंच माणूस टेबलावर ओणवा होऊन उभा होता. त्याच्या भिजलेल्या कोटाचं पाणी लाकडी जमिनीवर टपटपत होतं.

"मार्चचा दुसरा शनिवार," तो सांगत होता.

"तो माझा आहे," ब्रायडी दारातूनच म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. पावसाने तिचे केस गालाला चिकटले होते, ती ते बाजूला करत होती. त्याची नजर तिथे जरा रेंगाळली. मग तो म्हणाला, "मी आधी आलोय."

"मी मंगळवारीच फोन केला होता. विचारा मिसेस डॉबींना."

तीस वर्षं हॉलची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस डॉबी चष्म्यावरून दोघांकडे बघत राहिल्या.

"तुमचं लग्न आहे का?" त्याने विचारलं.

"माझं नाही. बाबांचं."

"माझंही नाही. माझ्या आईचं," तो म्हणाला.

"तुमच्या बाबांचं नाव?" त्यानेच पुढे विचारलं.

"क्लेम हार्टनॉल."

"अच्छा," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे तुम्ही ब्रायडी. मी लॅकलन. रोझलिनचा मुलगा."

ब्रायडीने मिसेस डॉबींकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की," त्या पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "बाहेर पाऊस आहे. म्हटलं, तेवढीच करमणूक."

झालं होतं ते असं. साठी उलटलेल्या दोघांनी लग्न ठरवलं आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं की हॉलचं माझ्या लेकराकडे सोपव. ब्रायडी होबार्टला शाळेत शिकवायची. लॅकलन नदीच्या मुखाशी लाकडी होड्या बांधायचा. दोघांनी एकमेकांची नावं फक्त ऐकली होती.

क्लेमला तीस माणसं हवी होती, हॅमची सँडविचेस आणि चहा. रोझलिनला त्यात फक्त एक पावलोव्हा, क्रीम आणि फळांचा केक, वाढवून हवा होता. एवढ्या लग्नाची तयारी एका दुपारी उरकली असती. पण पुढच्या शनिवारी हॉल मोजायची गरज निघाली. त्याच्या पुढच्या शनिवारी खुर्च्यांची. मग पडद्यांची. माणसं तिसाची सत्तर झाली, कारण सत्तर माणसांना बसवायचं म्हणजे विचार करावा लागतो, आणि विचार करायला भेटावं लागतं.

"नऊ मीटर चाळीस," लॅकलन भिंतीशी वाकून म्हणाला. फितीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं.

"मागच्या शनिवारी नऊ वीस होतं."

"लाकूड आहे. पावसाने फुगतं."

"वीस सेंटिमीटर? तुमच्या होड्या बुडत कशा नाहीत हो?"

"बुडतात. पण लोक पोहत येऊन माझे आभार मानतात."

ती हसली. फीत गुंडाळत तो जवळ येत गेला. टोक सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नाही... त्यानेही मागितलं नाही.

फेब्रुवारीत सफरचंदांची तोडणी सुरू झाली. रस्त्याने पेट्यांनी भरलेले ट्रक जाऊ लागले. त्या शनिवारी दोघं हॉलच्या स्वयंपाकघरात कप पुसत होते. तो एकदम म्हणाला, "लग्न झाल्यावर शनिवारी काय करायचं?"

ब्रायडी पुसलेलाच कप पुन्हा पुसत राहिली. "काही नाही करायचं."

"का?"

"समज, आपलं जमलं. आणि मग... नाही जमलं. दर ख्रिसमसला एकाच टेबलावर तू समोर, मी समोर. आणि मध्ये ती दोघं, कुणाची बाजू घ्यावी ते न कळून बसलेली. बाबा सात वर्षं एकटे जेवलेत रे."

'तू' आणि 'रे' तिच्या तोंडून पहिल्यांदाच गेले. दोघांनाही ते कळलं.

"आईपण," तो म्हणाला. "अकरा वर्षं."

"मग?"

त्याने कप फळीवर ठेवला. "मग काही नाही. बरोबर आहे तुझं."

त्यानंतर तो कामापुरतं बोलला. तीही कामापुरतंच बोलली. उरलेले दोन शनिवार लवकर संपले.

लग्नाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. खिडक्यांतून नदी दिसत होती. रोझलिनने निळा झगा घातला होता. शपथ घेताना क्लेम दोनदा शब्द विसरला, तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं. ब्रायडी आणि लॅकलन हॉलच्या दोन टोकांना बसले होते.

जेवणं झाली आणि क्लेमने लेकीला नाचायला उभं केलं. दोन फेऱ्यांत तिचा पाय त्याने तीनदा तुडवला.

"तुझं त्या पोराशी काय बिनसलंय?"

"काही नाही, बाबा."

"सहा शनिवार भिंत मोजत होता म्हणे." त्याने तिला हळूच फिरवलं. "मी आणि रोझ आठ महिने चोरून भेटत होतो, ठाऊक आहे? मला वाटे, तुला काय वाटेल. तिला वाटे, तिच्या मुलाला काय वाटेल. आठ महिने, पोरी. आमच्या वयात..."

ब्रायडीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर दोन टेबलं मांडू. इकडून जेवून तिकडे जाऊ. आम्हाला काय, दोनदा जेवायला मिळेल."

ब्रायडीने बाबांचा हात सोडला आणि नाचणाऱ्यांमधून वाट काढत ती पलीकडे गेली. लॅकलन खिडकीशी पावलोव्हाची बशी घेऊन उभा होता.

"बाबा म्हणतात, बिघडलं तर दोन टेबलं मांडू."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"मी तुझ्या प्रेमात पडलेय, लॅकलन. कप पुसताना जे बोलले ते भीतीने बोलले. आता तू काहीतरी बोल."

त्याने मान हलवली, बोट वर केलं... एक मिनिट. त्याचं तोंड भरलेलं होतं.

ती थांबली. त्याने घास गिळला, बशी खिडकीत ठेवली आणि सत्तर माणसांदेखत तिचा हात हातात घेतला.

"मीही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू दारातून भांडत आलीस तेव्हापासून."

तिकडे क्लेम मान वाकडी करकरून बघत होता. रोझलिनने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि नाचता नाचता त्याची पाठ खिडकीकडे वळवली.

"बघू नकोस," ती म्हणाली. "लाजतील."