चौकटीतली ताई

वेबसाइट बनवणं हा माझा धंदा, भुतंखेतं नव्हे. तेव्हा मला वेड्यात काढायचं असेल तर खुशाल काढा, पण आधी ऐकून घ्या.

आईच्या रोपवाटिकेची साइट मीच केली होती. कोपऱ्यात फीडची एक चौकट होती. ताई तिच्या ब्लॉगवर झाडांबद्दल लिहायची, ते आपोआप तिथे उतरायचं. आधी शीर्षक, मग दोनेक ओळी, मग टिंबं आणि 'पुढे वाचा'. शेजारच्या विहिरीचं पाणी आपल्या नळाला यावं, तसं. ताई अपघातात गेली, तेव्हा तिचा ब्लॉग मीच बंद केला. चौकट रिकामी पडली. ती काढून टाकायला हात धजला नाही.

त्या दुपारी कुंड्यांचे नवे फोटो चढवायला आईकडे गेलो होतो. खोलीत ओल्या मातीचा वास होता. आई मागे येऊन हळूच म्हणाली, "ताईचं नवीन आलंय. बघितलंस?"

वाटलं, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही. पण चौकटीत खरंच होतं. शीर्षक 'आईसाठी', तारीख त्याच दिवसाची. खाली ओळी : 'इथली माती चांगली आहे. आई, तू येताना फक्त...'

'पुढे वाचा' दाबलं. पान सापडत नाही म्हणे. सापडेल कसं? ब्लॉगच नव्हता! कुणीतरी आचरट थट्टा करतंय म्हणून माझं टाळकं सरकलं. पासवर्ड बदलले, होस्टिंगवाल्याला फोन करून झापलं. तो शांतपणे म्हणाला, त्या ब्लॉगवरून तुमच्या साइटवर काहीच येत नाहीये. मग मी चौकटच उडवली. पान पुन्हा उघडलं, तर चौकट जागच्या जागी. शेवटी अख्खी साइट बंद केली. आईच्या फोनवर पांढऱ्या पानात तेवढी एक चौकट उरली.

रोज नव्या ओळी यायच्या आणि नेमक्या तिथेच तुटायच्या. आईचं जेवणात लक्ष लागेना. एका सकाळी बघतो तर पायात चपला घालून, मांडीवर पिशवी घेऊन दाराशी बसलेली.

"एवढं शोधून दे रे..." ती म्हणाली. "येताना काय आणायचं तेच कळत नाहीये. नाहीतर मी कधीच गेले असते."

दारांना कुलपं लावली, किल्ल्या खिशात ठेवल्या आणि तिथेच मुक्काम ठोकला. आणखी काय करणार होतो?

मग एका दुपारी आई पोटभर जेवली आणि आडवी झाली. जिवात जीव आला. सहज तिचा फोन उचलला.

'आई पोचली. दमलीये, पण खुशीत आहे. भावाला सांगायचंय, घरात जी उरलीये तिला...'

मी वेड्यासारखा 'पुढे वाचा' दाबत राहिलो. आत पातेलं वाजलं.

"चहा टाकू का रे...?" आवाज आईचाच होता.

किल्ल्या माझ्याच खिशात होत्या. चौकट त्या दिवसापासून कोरी आहे. मी तिच्या हातचं खातो, तिच्याशी बोलतो. तुम्हीच सांगा, आईला घराबाहेर कसं काढायचं? आणि ती आईच असली तर?

तिची तब्येत आता छान आहे. फक्त तिनं ताईचं नाव पुन्हा काढलेलं नाही. परवा मी ताईचा फोटो दाखवला, तर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गोड आहे मुलगी. कुणाची रे?"