ठेंगण्या गाडीचा आवाज

त्या घरासमोर पहिल्या दिवशी माझी गाडी पडली नाही. खरं तर तिथेच मी घाबरायला हवं होतं.

कारण ती पडते. माझी मोटरसायकल ठेंगणी आहे, अगदी माझ्यासारखी. मी ती वापरलेली विकत घेतली, तेव्हाच कुणीतरी शॉकअप बदलून तिला तीनेक बोटं खाली बसवलेली होती. दुकानाच्या आवारात मी तिच्यावर बसले, माझे दोन्ही पाय पहिल्यांदाच पूर्ण जमिनीला टेकले, आणि मी तिथेच विरघळले. तोटा नंतर कळला. गाडी खाली आली होती, पण स्टँड होते तेवढेच राहिले होते. साइड स्टँडवर ती इतकी ताठ उभी राहते की कुणी शिंकलं तरी पलीकडे कलंडेल. आणि डबल स्टँडवर घ्यायची तर इतर गाड्यांपेक्षा तीन बोटं जास्त उचलावी लागते. मी स्टँडच्या दांडीवर अख्खी चढून उभी राहते… आणि गाडी ढिम्म. कुणाला तरी हाक मारावी लागते.

मी लॅबमध्ये कामाला आहे. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणते. त्या मंगळवारी सकाळी धुकं असं होतं की माझ्याच गाडीचा पुढचा दिवा मला कुणा दुसऱ्याचा वाटत होता. चढावरचं ते शेवटचं घर. अंगण उताराचं, टेकवायला भिंत नाही. कुंपणाजवळ जरा सपाट जागा दिसली, म्हणून मी गाडी मागे रेटली. मागचं चाक गवतातल्या कशावर तरी चढलं — टक् — आणि मी सवयीने दांडीवर पाय ठेवला.

गाडी वर गेली. अलगद. जसं एखाद्याने हात धरून पायरीवर घ्यावं.

मी तशीच उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटायचंही राहून गेलं.

बेल वाजवण्याआधीच दार उघडलं. दारात एक म्हाताऱ्या बाई होत्या. डोळ्यांवर दुधासारखी साय. त्या माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होत्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "किती उशीर केलास."

"मावशी, मी लॅबमधून…"

"ये, ये. चपला असू देत."

खोलीत शिरले आणि पाय जागीच थबकले. खिडकीच्या कठड्यावर ओळीने जबडे ठेवलेले होते. पांढरे, दात विचकलेले, वाळत घातलेले.

"घाबरू नका. ते चावत नाहीत, अजून अर्धवट आहेत," आतल्या दारातून आवाज आला.

तो हात पुसत बाहेर आला. कोपरापर्यंत प्लास्टरची पांढरी पूड, केसांतही थोडी. दातांच्या डॉक्टरांना तो कवळ्या बनवून द्यायचा. हसरा चेहरा होता… मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि ते हसू पुसल्यासारखं गेलं.

"ती गाडी तिथे कोणी लावली?"

"मी."

"डबल स्टँडवर? एकटीने?"

"हो. म्हणजे — कशी लागली, ते मला विचारू नका."

तो बाहेर गेला. मीही मागोमाग गेले. त्याने वाकून ओलं गवत बाजूला केलं. मागच्या चाकाखाली जमिनीत रुतवलेली एक जाड फळी होती, शेवाळलेली.

"ही मी बसवली होती," तो म्हणाला. "ताईसाठी. मागचं चाक आधी फळीवर घ्यायचं, म्हणजे स्टँडला तेवढं कमी उचलावं लागतं. ती तुमच्याएवढीच होती." तो गाडीकडे पाहत राहिला. "ही तिचीच गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आईला न सांगता मी गाडी विकून टाकली. मुद्दाम लांबच्या गावी. परत नजरेला पडायला नको म्हणून."

धुकं आमच्या मधून सरकत गेलं. मला गाडीला हात लावायचं धाडस होईना.

"पुढच्या वेळी मी बसने येईन," मी म्हणाले.

"हो," तो लगेच म्हणाला. मग थोडा थांबून, "नाही… गाडीच आणा. दोन वर्षांत आई पहिल्यांदा आपणहून दारापर्यंत आलीये."

मावशींना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, त्यामुळे दर आठवड्याला तपासणी असायची. मी दर मंगळवारी जाऊ लागले. गाडी आपली जागा शोधल्यासारखी त्या फळीवर चढायची. मावशी मला जवळ बसवायच्या, माझा हात हातात घ्यायच्या, आणि तो समोर एखाद्या जबड्याला कानस मारत बसायचा. मान खाली… पण कानस मधेच थांबायची, आणि मला न बघताच कळायचं की तो पाहतोय.

"तुम्ही रक्त नेता, मी दात करतो," एकदा तो म्हणाला. "आपल्याला लोकांनी दिवसाउजेडीच घरात घ्यावं."

"तुमचे दात निदान कवळीचे आहेत. माझी सुई खरी आहे."

"ते कळतंय. गेल्या मंगळवारपासून टोचतंय."

"मी तुम्हाला कुठे टोचलं?"

"तेच तर विचारायचं होतं तुम्हाला."

मी नळीवर नाव लिहायला घेतलं आणि चक्क लॅबचंच नाव लिहून बसले.

पण पुढच्या मंगळवारी तो फाटकातच उभा होता. रात्रभर जागल्यासारखे डोळे.

"काल आला होतात?"

"नाही. सोमवारी मी नदीपलीकडे असते."

"आईने काल दार उघडलं. मी म्हटलं, कुणी नाहीये." त्याने आवाज खाली आणला. "पण मलाही ऐकू आलं होतं. चाक फळीवर चढल्याचं. मग स्टँडचं."

मानेवरून गार काहीतरी उतरलं. ते लपवायला मी म्हणाले, "तुम्ही माझी वाट बघत असाल. म्हणून भास झाला असेल."

"असेल." तो हसला नाही. "मी तुमची वाट बघतो. आई तिची. आणि आवाज एकच येतो."

मग तो म्हणाला, "आईला खरं सांगायला हवं. तिला वाटतंय ताई परत आलीये. असंच चालू राहिलं तर तुम्ही तिची मुलगी होऊन बसाल, आणि मी…"

"तुम्ही काय?"

"मी तुमचा भाऊ."

"ते मला चालणार नाही," मी म्हणाले. शब्द माझ्याआधीच बाहेर पडले होते. त्याचे कान लाल झाले. माझं काय झालं असेल, ते नको विचारायला.

पण ठरवणं सोपं होतं, सांगणं नाही. एका आईला तिची मुलगी दुसऱ्यांदा गेली म्हणून सांगायचं होतं. त्यांनी त्यानंतर मला उंबरा ओलांडू दिला नसता, तर त्यांचं काही चुकलं नसतं. तो आठवडा मला जेवण गेलं नाही.

त्या मंगळवारी मी बसने गेले. गाडी खाली गावात गॅरेजमध्ये होती, चाक काढून ठेवलेली. मी रक्त घेतलं, कापूस दाबून धरला. मावशींनी चहाचा कप हातात घेतला. तो त्यांच्या पायाशी बसला.

"आई, एक सांगायचंय. ही… ही ताई नाही."

मावशी काही बोलायच्या आत चढावरून आवाज आला.

माझी गाडी मी झोपेतही ओळखेन. साखळीवरचं झाकण सैल आहे, ते चढावर दात वाजल्यासारखं वाजतं. आवाज फाटकाशी आला. अंगणात आला. टक्. मग खट्ट. मग इंजिन बंद झालं.

मी त्याचा हात कधी धरला, मला आठवत नाही. खिडकीत जबड्यांची ओळ होती. त्यामागे रिकामं अंगण आणि धुकं.

मावशींनी शांतपणे कप खाली ठेवला.

"हे तू मला सांगतोस?" त्या मुलाला म्हणाल्या. "ती त्या पहिल्या दिवसापासून रोज येते. ही मंगळवारी येते. डोळे गेलेत माझे, हिशेब नाही गेला."

"पण मावशी," मी म्हणाले, "पहिल्या दिवशी तुम्ही मला 'आलीस' म्हणालात…"

"तिला म्हणाले. आत आलीस तू." त्यांनी चाचपत माझा गाल शोधला. त्यांची बोटं उबदार होती. "बरं झालं. ती येते ते माझ्यासाठी. या घरात याच्यासाठी कुणी येत नव्हतं. आता मंगळवारी दाढी करतो. दिसत नाही मला, पण साबणाचा वास येतो ना."

तो मान खाली घालून बसला होता. हात मात्र त्याने सोडला नव्हता. माझा हात कधीचा ढिला झाला होता, धरून तोच बसला होता.

आम्ही बाहेर आलो. अंगणात काहीच नव्हतं. फळीजवळचं गवत दबलेलं होतं… पण ते गेल्या आठवड्यापासूनही असेल. आम्ही दोघांनीही वाकून पाहिलं नाही.

"घाबरलीस?" त्याने विचारलं. 'तुम्ही' कुठेतरी आतल्या खोलीतच राहिलं होतं.

"हो."

"मीही. दोन वर्षं घाबरत होतो, एकटाच." तो अडखळला. "तू असलीस की… भीती वाटतेच. पण मग पळावंसं वाटत नाही. मला तू हवी आहेस. ताईच्या जागी नाही. माझ्याजवळ."

त्याच्या केसांत प्लास्टर होतंच. मी ते बोटाने झटकलं. उत्तर द्यायला एवढा वेळ पुरला.

"मग पुढच्या मंगळवारी येशील?" तो म्हणाला.

"मंगळवारी मी कामाला येते," मी म्हणाले. "उद्या मला सुट्टी आहे. उद्या येईन."

आतून मावशींचा आवाज येत होता. त्या कुणाशी तरी बोलत होत्या — हळू, समजूत घातल्यासारखं, मधेच हसत. आम्ही मागे वळून पाहिलं नाही. तो माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत यायला निघाला, आणि उतारावर त्याने माझी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.