बुडख्याची पाठवणी

पुंडलिकनगरातल्या त्या घराची चिंच वादळात पडली आणि अंगणात तेवढा तिचा भलामोठा बुडखा उरला. तेव्हापासून संस्कृतीनं जेवण सोडलं. एवढीशी पोर, ताट घेऊन बुडख्यापाशी बसायची आणि समोर कुणी बसल्यागत हवेत घास भरवायची. ताट रिकामं व्हायचं, पोरीच्या बरगड्या मात्र दिसायला लागल्या. डॉक्टर झाले, अंगारे झाले. तिची आई तनुजा पार रडकुंडीला आली.

"रडतीस काय येडे? उपटून काढू की त्या बुडख्याला!" सासू वच्छलाबाई म्हणाली.

गल्लीत जेसीबी शिरेना, गडी हात लावेनात. मग म्हातारीनंच पदर खोचला. काय बाई होती! पहारीनं माती उकरायची, मुळावर कुऱ्हाड घालायची, वर बुडख्यालाच दम भरायची, "लई माजलीस व्हय?" मूळ तुटलं की ओल्या केसांसारखा आंबूस वास सुटायचा. तनुजा पदर नाकाला लावायची, पण सासूचा हात थांबत नव्हता. अशी सासू मिळाली याचं तिला फार कौतुक वाटलं.

बुडखा निघाला. दोर लावून तो गल्लीच्या तोंडाशी उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवला. ट्रॉली हलण्याआधी वच्छलाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. चिंच झाली तरी बाईमाणूसच, आणि बाईमाणूस दारातून रित्या हातानं धाडायचं नाही, ही तिची रीत. आणि जाणाऱ्याला कुणी 'जा' म्हणतं का आपल्यात? जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "ये गं बाई परत."

"आत्याबाई... हे काय बोलून बसलात?" तनुजानं सासूचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फाटकाची कडी वाजली. बाहेर कुणीच नव्हतं. आंबूस वास व्हरांड्यातून आत आला. संस्कृती पलंगावर बाजूला सरकली.

"आई, सरक ना... तिला बसू दे."

वच्छलाबाई उठली. आवाज खणखणीत. "मी बोलावलंय तुला. माझी पाहुणी हायेस तू. पोरीकडं बघायचं नाय. चल, माझ्यासंग जेव." तिनं व्हरांड्यात दोन पाट मांडले, दोन ताटं वाढून घेतली.

त्या संध्याकाळी संस्कृतीनं स्वतः मागून घेऊन भाकर खाल्ली. तनुजानं सासूचे पाय धरले.

आता रोज दुपारी दोन ताटं लागतात. काल तनुजा ती उचलायला गेली. दोन्ही लख्ख, चाटूनपुसून. म्हातारीच्या गळ्याखालची हाडं वर आली होती.

"आत्याबाई... तुम्ही काही खाल्लं का?"

"उद्या खाईन की," वच्छलाबाई हसली आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघत म्हणाली, "हिला अजून एक भाकर आण."