लोडशेडिंगचा सल्लागार

कापूरहोळच्या फाट्यावर मी भोरच्या एसटीची वाट बघत होते, तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. धाब्यावर एका कॉम्प्युटर कंपनीच्या एजंटाबरोबर हसत चहा पीत होता. एजंटाला मी ओळखत होते. त्यानेच आमच्या शाळेला सहा कॉम्प्युटर विकले होते, आणि आता जोडीला मोठ्या बॅटऱ्याही गळ्यात मारायला बघत होता.

एसटीत तो माणूस नेमका माझ्या शेजारी बसला. पावसाची भुरभुर आत येत होती, त्याने हात लांब करून खिडकी ओढून घेतली आणि भोरच्या शाळेसाठी कुठं उतरायचं ते विचारलं. मी म्हटलं, कंडक्टरला विचारा.

तासाभराने तोच आमच्या मुख्याध्यापक आनंदराव सरांसमोर हजर! हाशिम त्याचं नाव. भोर-वेल्ह्यातल्या शाळांना कॉम्प्युटरबद्दल सल्ला द्यायचा. कुठल्याच कंपनीचा नाही, म्हणे. आनंदराव सरांनी मला बाजूला घेतलं.

"समीना मॅडम, तुमी हो म्हणाल तरच ह्याचं ऐकायचं."

कारण कॉम्प्युटर वर्षभर झाकलेलेच होते, खोलीची किल्ली माझ्याकडे होती आणि कमिशन मी खाल्लं असं गावात बोललं जात होतं. पुन्हा फसलो असतो तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुधाने तोंड पोळलं होतं, ताकही फुंकूनच पिणार होते.

त्याचा सल्ला ऐकून तर संशय वाढलाच. नवीन काहीही घेऊ नका, फक्त तास बदला! सकाळी गणित आणि इंग्रजीच, हा आमच्या शाळेचा रिवाज. त्यामुळे कॉम्प्युटरचा तास दुपारी यायचा, ऐन लोडशेडिंगमध्ये, आणि मी फळ्यावर की-बोर्ड काढून शिकवायचे. सरांना पक्कं हो न सांगताच मी तो तास महिनाभर सकाळी घेऊन बघितला. पोरांची बोटं खरंच चालायला लागली. पण काहीच विकायचं नाही, तर या माणसाचा फायदा कशात होता?

तरी तो येतच राहिला. दाराबाहेर चपला काढायचा, मशीनवरचं फुलाफुलांचं कापड उचलायचा, माझ्याकडे बघायचा... आणि परत झाकायचा.

"मॅडम, लाईट गेली की मगच ह्ये साहेब कसं काय येत्यात?" शिपाई सोनबामामा एकदा सहज म्हणाले.

याला मशीन लावताच येत नसेल तर? एव्हाना तो मला आवडायला लागला होता, म्हणून राग जास्तच आला.

पुढच्या खेपेला मी दारातच आडवी उभी राहिले.

"फाट्यावर त्या एजंटाचा चहा का प्यायलात?"

"मी पाजला. त्यानं तुम्हाला काय काय विकलंय, ते त्याच्या तोंडून काढून घ्यायला."

"आणि लाईट नसतानाच का येता?"

तो चष्मा पुसायला लागला. पागोळ्या गळत होत्या, चष्मा काही कोरडा होईना.

"वेळापत्रक मीच केलंय," तो हळूच म्हणाला. "लाईट असली की तुमच्यासमोर पोरं असतात. गेली की तुम्ही मोकळ्या असता... म्हणून."

एवढ्या दिवसांचा माझा संशय एका वाक्यात विरघळला. हसू दाबायला मला भिंतीकडे बघावं लागलं.

आनंदराव सरांना मी त्याच दिवशी पक्कं हो सांगितलं. त्याला मात्र एवढंच म्हटलं, "घरी अम्मीला भेटायला या. पण लाईट असताना. ती माझ्याहून संशयी आहे — तिला तुमचं तोंड नीट दिसलं पाहिजे."