हॉर्न न वाजवणारी गाडी

लग्न पाचचं, आणि टेम्पोनं कात्रजच्या जुन्या घाटातच मान टाकली. धायरीच्या मुक्ताबाईंनी रंगनाथ ड्रायव्हरला क्लचशी झगडत तिथंच सोडलं, फळी लावून आपली वरातीची घोडी मैना खाली उतरवली आणि लगाम हातात घेतला. मंगल कार्यालय बोगद्यापलीकडेच होतं. वीस मिनिटांची वाट.

"मावशी, बोगद्यात जपून," रंगनाथ म्हणाला. "लोक आंधळ्यासारखे येतात."

"आंधळे बरे, बाबा. ते काठी तरी टेकवत येत्यात."

खरंच सांगते, वरातीची घोडी म्हटली की मोटारवाल्यांना वाटतं, हिच्या कानांना बँडची सवय, हॉर्ननं हिचं काय बिघडतंय! अरे, बँडमध्ये ती उभी राहते ती मानेवरच्या हाताच्या भरवशावर. मागून अचानक भोंगा किंचाळला, तर तो हात काय करणार? म्हणून मुक्ताबाई नेहमी रहदारीच्या अंगानं चालत. आधी मला ठोका, मग माझ्या मैनेला, असा त्यांचा खाक्या.

बाहेर चारचं ऊन होतं. बोगद्यात शिरताच ते मागं पडलं. आत ओलसर गारवा, जळक्या डिझेलचा वास, छतातून टपटपणारं पाणी. टापांचा आवाज पुढं जाऊन परत येई. मध्यावर आल्या, तेव्हा मागून उजेड पडला.

एक गाडी. हॉर्न नाही. दिव्यांचा झोतही खाली केलेला. चार घोड्यांचं अंतर राखून मागोमाग येत होती. पुण्यात एक तरी शहाणा निघाला म्हणायचा! मुक्ताबाईंनी हातानं खुणावलं, जा पुढं. गाडी गेली नाही. त्या थांबल्या. गाडीही थांबली. तेव्हा ध्यानात आलं, इंजिनाचा आवाजच येत नव्हता.

"जावा की वो पुढं!"

काच खाली झाली. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, घामानं चिंब.

"आजी... त्यांना म्हणावं, हात तसाच वर धरा..."

"कुणाला?"

"वर बसलेत ना, त्यांना... माझा ब्रेक गेलाय. गाडी त्यांच्या हातामुळं थांबलीय... हात खाली आला, की मी तुमच्या अंगावर..."

मुक्ताबाईंनी मैनेकडं पाहिलं. पाठीवर जरीची झूल. वर कुणी नाही. पण रिकिबी! खोगिराला लोंबणाऱ्या, चालताना किणकिणणाऱ्या त्या दोन्ही रिकिबी सरळ खाली ताणलेल्या होत्या. कुणी त्यांत पाय रोवावेत, तशा.

पळावं, तर घोडी उधळणार. घोडी उधळली, तर वरचा हात ढळणार. त्यांनी लगाम आखूड धरला, मैनेच्या मानेवर तळवा ठेवला.

"चल, माझे बाई... हळू... हिसका द्यायचा न्हाई..."

एकेक पाऊल. मागून गाडी घरंगळत होती, तेवढंच अंतर ठेवून. छतातला थेंब मैनेच्या कानात पडला. ती बिचकली, एक टाप घसरली, आणि मागचा उजेड एकदम अंगावर आला. लुगड्याला थंड पत्रा चाटला. थांबला.

"दादा... वर धरा..." मुक्ताबाई पुटपुटल्या. मान वर करून बघायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

ऊन लागलं तेव्हा त्या वळल्या. बोगदा काळाठिक्कर. उजेड नाही. दहा मिनिटं वाट पाहिली. गाडी बाहेर आली नाही. रिकिबी अजून ताणलेल्याच होत्या.

कार्यालयाच्या दारात बँडवाले ताटकळले होते. नवऱ्या मुलाचे मामा, हिंमतराव, घड्याळ दाखवत पुढं आले. "अहो बाई, आपण आलात हेच नशीब. चला, बसवा आमच्या अभिनवला."

मुक्ताबाई घोडीच्या आडव्या उभ्या राहिल्या. "आज न्हाई बसवणार. घोडी रिकामी न्हाई."

"का? रिझर्व्हेशन झालंय?" हिंमतराव म्हणाले. सगळे हसले. अभिनवही हसला, आणि मुक्ताबाईंना डावलून त्यानं रिकिबीत पाय घातला.

पाय तसाच राहिला. हसू ओठांवरच वाळलं. मग त्यानं पाय हळूच मागं घेतला, आणि चुकून कुणाच्या पायावर पाय पडला की आपण वाकून करतो ना, तसा रिकिबीला हात लावून नमस्कार केला.

"बसा... आपणच बसा..." तो म्हणाला. आणि घोडीकडं पाठ न करता, हात जोडून, मांडवापर्यंत उलटा चालत गेला.