खाच पडलेल्या शेवंडी

"अगं, शिंगांच्या मागे पाठीवर धर! मिशा धरल्यास तर मिशा तुझ्या हातात आणि बाईसाहेब पाण्यात!" ढोल ओरडला.

"तू आधी आवाज कमी कर. मोजायच्या आधीच घाबरून मरायची ती!" खेकडी म्हणाली.

ढोल हा तिचा आतेभाऊ. त्याचं हे नाव का पडलं ते त्याने तोंड उघडलं की कळायचं. कायम आडव्यात शिरते म्हणून ती खेकडी, आणि ऊठसूट नियम सांगतो म्हणून तिचा धाकटा भाऊ मास्तर. सुट्टी लागल्यापासून तिघंही धक्क्यावरच्या बर्फाच्या शेडमध्ये पाहणीवाल्या बाईंच्या हाताखाली होते. बेटाभोवती काटेरी पाठीच्या शेवंडी, म्हणजे मोठे लॉब्स्टर, किती उरल्यात, हे बघायला बाई आल्या होत्या. कवच मोजायचं, पोटाखाली अंडी आहेत का बघायचं, शेपटीच्या पंख्याला बारीकशी खाच पाडायची आणि शेवंड जिवंत समुद्रात सोडायची, असं काम होतं.

"पण खाच कशाला?" ढोलने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

बाईंनी बरणीत पांढरी बटणं भरून त्यांत थोडी काळी मिसळली. "हलवून मूठभर काढा. काळी सारखी हाती आली, तर बरणीत बटणं कमी आहेत. क्वचित आली, तर भरपूर! खाच पडलेली शेवंड म्हणजे आपलं काळं बटण."

आणि गंमत म्हणजे काळी बटणं येतच नव्हती! रोज सगळ्या होड्यांच्या टोपल्या खेकडीच्या बाबांच्या होडीतून धक्क्याला यायच्या, पण खाच पडलेली शेवंड औषधालासुद्धा सापडत नव्हती. धक्क्यावर सगळे खुशीत होते. शेवंडी संपत आल्यात असं ठरलं तर पाहणीनंतर बंदी येणार, ही सगळ्यांना भीती होती. आता ती टळल्यासारखी वाटत होती.

खेकडीला मात्र हे पटत नव्हतं. पाहणी सुरू होईपर्यंत ती बाबांबरोबर होडीत जायची. पूर्वी पिंजरा ओढताना दोघांच्या हाताला रग लागायची. शेवटी शेवटी तो एकटी खेकडी ओढायची. मग शेवंडी भरपूर कशा? त्यात बाबांची होडी हल्ली धक्क्याला लागण्याआधी काळ्या कातळामागे वळसा घालायची.

"तिकडे फिरकायचं नाही," बाबांनी दटावलं होतं. "निसरडं आहे."

"कुठेतरी पाणी मुरतंय!" ढोल म्हणाला.

"मोठ्यांनी नाही म्हटलं की जायचं नसतं," मास्तर म्हणाला आणि सगळ्यांत आधी चपला काढून उभा राहिला.

ओहोटी लागल्यावर तिघं कातळावरून सरपटत पलीकडे उतरले. ढोलचं ढोपर फुटलं, पण तो चक्क गप्प राहिला. खालच्या कपारीत एक दोर बांधलेला होता. तिघांनी जोर लावून ओढला. आधी घाण वास आला, मग भलामोठा पिंजरा वर आला.

आत शेवंडी खच्चून भरल्या होत्या. बहुतेक मेलेल्या. कुणाचे पाय तुटलेले, कुणाची पोटं दुसरीने कुरतडलेली. मादीच्या पोटाखालची नारिंगी अंडी काळी पडून सडली होती. आणि प्रत्येक शेपटीला खाच होती.

मास्तर दोराच्या टोकाचा तरंगता डबा हातात घेऊन बघत राहिला. पिवळा, मधे निळा पट्टा. बेटावर प्रत्येक होडीचा रंग वेगळा असतो.

"ताई, हा रंग तर आपला आहे ना?"

खेकडीने डबा त्याच्या हातून काढून घेतला. गप्प बसलं तर बाबा वाचणार होते. पण ती सडलेली अंडी तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"भरती लागली," ढोल हळूच म्हणाला. "सोडून देऊ या का दोर?"

"नाही! उचल!"

पाणी घोट्यांवरून गुडघ्यांवर आलं. पिंजरा डोक्याइतक्या दगडांवरून ढकलत, आपटत, तिघांनी शेवटी शेडच्या दारात आणला. आत बाई आकडे पाठवायच्या तयारीत होत्या. सगळे होडीवाले जमले होते, बाबासुद्धा.

"बाई, काळी बटणं इथे आहेत," खेकडी म्हणाली.

बाबाच पुढे आले. "मी लपवल्या. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. बंदी आली तर पोरांना खायला काय घालू?"

बाई खाली बसून एकेक शेपटी बघत होत्या. "अहो, समुद्र भरलेला आहे असं मी लिहिलं असतं, तर उद्या मोठ्या जाळ्यांच्या बोटींना इथला परवाना मिळाला असता. तुमच्या होड्यांना तळाचा गाळसुद्धा उरला नसता!"

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," बाबा म्हणाले.

पाहणी नव्याने झाली. शेवंडी खरंच थोड्या उरल्या होत्या. दोन हंगाम पिंजरे पाण्याबाहेर, त्यानंतरही अंड्यांवरची मादी सोडायची आणि लहान धरायची नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. बाबांनी समुद्रापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात काम धरलं.

ते निघायच्या आदल्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी तिघांना शेडमध्ये पुढे बोलावलं. "शाब्बास! या पोरांनी बेट वाचवलं!"

टाळ्या कडाडल्या. ढोलची छाती फुगली, मास्तर लाजला. खेकडीने मान वर केली. सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे राहून बाबाही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात. इतका वेळ तिने धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं.