लागणार नाही अशी गोळी

पहिल्याच भेटीत तिनं त्याला गोळी फेकून मारली. लिंबाची होती. कपाळावर बसली.

तिचा नेम खरं तर भिंतीवर होता. गोळ्या-चॉकलेटांच्या त्या दुकानात कुणी दिसेना, म्हणून ती बरणीतली एक गोळी भिंतीवर आपटून बघत होती… आणि नेमका दुकानदार पडदा सारून बाहेर आला.

"लागलं?" तिच्या आवाजात काळजी कमी आणि चौकशी जास्त होती.

"लागलं."

"म्हणजे ही नको."

कपाळ चोळत त्यानं कारण विचारलं. कारण तिची भाची होती. ज्यू घरातली मुलगी बारा-तेराची झाली, की तिची बात मित्सवा होते, म्हणजे तिथून पुढे आपल्या वागण्याला ती स्वतः जबाबदार ठरते. सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून ती धर्मग्रंथातला उतारा गाऊन वाचते. वाचन संपलं, की जमलेली मंडळी आनंदानं तिच्यावर गोळ्या उधळतात. भाचीच्या चुलतभावाच्या अशाच समारंभात त्याच्या काकांनी आनंद जरा जोरात फेकला आणि बिचाऱ्याच्या चष्म्याची काच गेली. तेव्हापासून भाचीचं एकच म्हणणं होतं : मी उभीच राहणार नाही. शेवटी आत्यानं, म्हणजे हिनं, शब्द दिला, अजिबात न लागणारी गोळी शोधून आणते.

"मग जेली घ्या की! मऊ असते."

"त्यातलं जिलेटीन कशाचं?"

"हाडांचं… कातड्याचं."

"आमच्यात नाही चालत."

"बरं. फळांच्या पेक्टिनची करून बघतो. पण तपासायची कुणावर?"

तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्ही उंच आहात. नेम चुकणार नाही."

अशा रीतीनं एका सज्जन माणसाला दर बुधवारी भिंतीशी उभं करून मारण्याचा कार्यक्रम सुरू झाला. एक जेली रबरासारखी उसळून परत तिच्याच हातात आली. दुसरी त्याच्या शर्टाला चिकटली. ती सोडवायला खरं तर एवढा वेळ लागायला नको होता.

"शनिवार तुमचा विश्रांतीचा पवित्र वार, तुम्ही फोनसुद्धा उचलत नाही म्हणे?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही. का, करणार होतात?"

"छे… म्हणजे… हवापाणी विचारायला."

पुढच्या जेल्या मात्र अगदी फुलासारख्या जमल्या. त्या ती नापास करत राहिली.

"कडा टोचते."

"गोल वस्तूला कडा?"

"मला जाणवली."

तो मुकाट्यानं नवा पाक चढवायचा. धंदा बुडणाऱ्या माणसाचा चेहरा इतका प्रसन्न क्वचितच असतो.

समारंभाच्या आठवड्यात भाची स्वतःच आली. आत्यानं जेली फेकली, मान हलवली आणि ती नापास केली.

"माझ्यावर फेक," भाची म्हणाली.

जेली तिच्या नाकावरून घरंगळली.

"हे तर लागतच नाही! मागच्या बुधवारची घरी आणलीस ना, तीही लागत नव्हती. मी मारून घेतली होती. मग नापास का करतेस, आत्या?"

आत्याचा रंग स्ट्रॉबेरीवर गेला. "तू जरा बाहेर थांब हं, बाळा—"

"जाते. पण शनिवारपासून माझ्या वागण्याला मी जबाबदार. तोपर्यंत बाबा आहेत. तेव्हा आजच बोलून घेते. तुला इथे यायला आवडतं. या दुकानवाल्या काकांना तू आलेली आवडते. मी एवढ्या लोकांसमोर उभी राहून गाणार आहे, आणि तुम्हा दोघांना एवढंसं बोलता येत नाही?"

तिच्यामागे दार लागलं.

"ती म्हणाली त्याला…" तो अडखळला, "तिचे बाबा जबाबदार."

"आणि मी म्हणेन त्याला मी." तिनं श्वास घेतला. "जेली पास. आधीच्याही पास होत्या. आता मला इथे यायला काही निमित्त उरलं नाही… आणि मला तर यायचंय."

"बुधवारी?"

"बुधवार लांब आहे. शनिवारी सकाळी तुम्हीच सिनेगॉगमध्ये या. माझ्या शेजारी बसा. फक्त, मागे आई असेल. ती प्रश्न विचारेल."

"वाचन चालू असताना?"

"तिला कोण थांबवणार?"

"पहिला काय असेल?"

"ते मी कसं सांगू…" तिनं नजर खाली वळवली. "पण तुम्ही 'हो' म्हणा."

"हो," तो म्हणाला.